पुढचं उद्या

रविवारी दुपारी सोनाळ्याच्या शाळेत अर्जुनराव मास्तर एकटेच होते. स्टुलावर उभं राहून ते वर्गाच्या भिंतीवर नव्या महाराष्ट्राचा नकाशा रंगवत होते. जुना नकाशा अजून मुंबई राज्याचाच होता. सातपुड्याची रेघ ओढून झाली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मास्तर, येळ हाये का जी?"

दारात मनकर्णाबाई उभ्या होत्या. शाळेमागच्या मळ्यात त्या वांगी-कांदे लावत. त्यांचा नवरा शेषराव उन्हाळ्यात वारला. पोरबाळ नव्हतं. तेव्हापासून मळ्यातल्या घरात त्या एकट्याच राहत. आज डोक्यावर भाजीची पाटी नव्हती. हातात फडक्यात बांधलेलं एक पुस्तक होतं.

मास्तरांनी हात पुसून ते उघडलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"मावशी, हे तुमच्याकडं कसं आलं?"

भुताखेतांच्या गोष्टी होत्या. चिखलीला शाळेत असताना मास्तरांनी या लेखकाच्या सगळ्या गोष्टी गोधडीत लपून वाचल्या होत्या. तो लेखक केव्हाच गेला; आता त्याचं नावही कुणी काढत नव्हतं. आणि सोनाळ्यात आल्यापासून मास्तरांना पुस्तकाविषयी बोलायला एकही माणूस मिळाला नव्हता.

"मालकानं आकोटच्या बाजारातून आनलं होतं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मले वाचता येत नाही. थेच वाचून दाखवत, दिवा लागला का."

"मग तुम्हाला कोणती आवडते? मला ती तसबिरीची. म्हाताऱ्याचे डोळे हलतात ती."

"थे काय! मले थे विहिरीची. बाई पानी शेंदते अन् खालून कोनी दोर ओढते. आयकली अन् दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर गेलीच नाही. मालकच बिचारे पानी भरत राह्यले." त्या हसल्या. हसता हसता पदरानं तोंड पुसलं. "मी भेली का त्याहीले लई मजा वाटे."

मास्तरांनी सतरंजी अंथरली. दोघं बराच वेळ बोलत बसले. कोणती गोष्ट जास्त भीतीची, कुठल्या भुताची दया येते, यावर चक्क वाद झाला. नकाशाचा रंग वाटीत वाळून गेला.

मग पुस्तकाकडं बघत मनकर्णाबाई म्हणाल्या, "एक राह्यली हाये. दाराची. थे त्याहीनं कधी पुरी वाचली नाही. बाई कडीले हात लावते, तिथंच पुस्तक मिटत. 'पुढचं उद्या' म्हनत. उद्या आला का दुसरीच गोष्ट काढत. मी किती भांडली. आज तुमी पुरी वाचा."

मास्तरांनी पान काढलं. ही एक गोष्ट त्यांना आठवत नव्हती. ते वाचू लागले.

रानातलं घर. नवरा मेलेली बाई. दिवेलागणीला दारावर थाप पडते. बाहेरून नवऱ्याचा आवाज येतो. ज्या नावानं फक्त तोच हाक मारायचा, त्या नावानं तो हाक मारतो. बाई उठते. दारापाशी येते. कडीवर हात ठेवते.

मास्तर थांबले. त्यांचे डोळे पुढच्या ओळींवरून गेले. बाई दार उघडते. नवरा पाणी मागतो. ती देते, आणि तो म्हणतो, चल. सकाळी लोक येतात तेव्हा दार सताड उघडं असतं, उंबऱ्यावर दोन रिकामे पेले असतात आणि घरात कुणी नसतं.

मास्तरांनी समोर पाहिलं. मनकर्णाबाई पदर सावरून, मान पुढं काढून ऐकत होत्या. थोड्या वेळानं त्यांना एकटीनं मळ्यात परत जायचं होतं. तिथं दिवा लावायचा होता, दार लावायचं होतं.

त्यांनी पुस्तक मिटलं. "तिनं दार उघडलंच नाही, मावशी. देवाचं नाव घेतलं आणि झोपली. सकाळी उठून पाहते तर कुणी नाही. संपली गोष्ट."

मनकर्णाबाई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"मास्तर, मले अक्षर नाही समजत. पन लबाडी समजते. मालकाचं तोंड अस्संच होत जाये पुस्तक मिटताना."

मास्तर ओशाळले. "मावशी, राहू द्या ना. तुम्ही तिकडं एकट्या असता."

"म्हनूनच आली ना मी."

मास्तरांनी पुस्तक पुन्हा उघडलं. आवाज बारीक करून, एकही शब्द न गाळता त्यांनी उरलेलं वाचलं. दाराचं, पाण्याचं, पेल्यांचं. वाचताना वर बघायचा त्यांना धीर झाला नाही.

वाचून झालं. बाहेर कडुलिंबावर साळुंक्या भांडत होत्या.

"म्हंजे, घेऊन गेला तिले," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"हो."

"आपल्या संग?"

"हो."

मास्तर वाट पाहत होते, आता या रडतील, नाहीतर भिऊन सोबत चला म्हणतील. चपला कुठं आहेत ते त्यांनी नजरेनं पाहूनही ठेवलं.

"मंग मास्तर," मनकर्णाबाई म्हणाल्या, "याच्यात भ्यासारखं काय हाये?"



मनकर्णाबाईंनी पुस्तक त्यांच्या हातात नीट सरकवलं आणि पाय दुमडून सावरून बसल्या.

"आनखीन एक डाव वाचा. थे दार उघडते ना, तिथून."