सात मोहोळघारी

पहिली मोहोळघार पाइनच्या झाडाखाली पंख पसरून पालथी पडली होती. दुसरी तिच्यापासून दहा पावलांवर. पाच सापडल्यावर रूलाने शोधणं थांबवलं. भोवती लाल काडतुसांची रिकामी नळकांडी, वरात गेल्यावर फुलं पडावीत तशी.

बैरूतहून पहाटे निघालेली अकरा माणसं गळ्यातल्या दुर्बिणी मुठीत धरून उभी राहिली. सप्टेंबर संपत आला होता. रात्रीपुरत्या टेकलेल्या घारी ऊन तापलं की गिरक्या घेत वर चढतात आणि दक्षिणेची वाट धरतात. ते बघायला ही माणसं आली होती. दर शनिवारी त्यांना डोंगर दाखवायचं काम गावातल्या म्हाताऱ्या नखलेचं.

"अम्मो, काल फोनवर किती म्हणालात?" रूलाने नखलेला विचारलं; सगळे त्याला अम्मो, म्हणजे काका, म्हणत. ती शाळेत शिकवायची, मोजणीची वही तिच्याकडे असायची.

"सात. सातच होत्या."

"मग हे त्या शेळीवाल्या मारूनचंच काम. शेळ्या घेऊन इथंच असतो, घरात बंदूक आहे. आणि आपण त्याच्या बायकोच्या हातच्या रोट्या खातो दर शनिवारी! आजपासून बंद."

नखलेने वाकून एक नळकांडं उचललं.

काल फोन ठेवून तो कॉफीच्या दुकानात गेला होता. सोंगट्या खेळणारे जांभया देत होते. सात सांगायच्या म्हणूनच तो बसला. पहिला कप संपेपर्यंत सत्तर झाल्या. दुसऱ्या कपाला, "अरे, फांद्या वाकल्यात! एक झाड माझ्यादेखत मोडलं!" सातशे. चार खुर्च्या एकदम मागे सरकल्या. नखलेला वाटलं, गोष्ट रंगली.

खालून म्हातारा मारून चढत आला. हातात फडक्यात गुंडाळलेल्या गरम रोट्या. "घ्या, घ्या. बायकोनं झातरचा मसाला आज हात सैल सोडून घातलाय."

कुणी हात पुढे केला नाही.

"आधी हे बघ," रूला जमिनीकडे बोट दाखवत म्हणाली. "तूच ना?"

मारूनने खाली पाहिलं. "मी? बाई, माझ्या बंदुकीवर कोंबड्या झोपतात."

"मी केलं हे," नखले म्हणाला.

सगळे वळले.

"काल दुकानात मीच बोललो. सातशे आहेत म्हणालो. म्हणून उजाडायच्या आत सगळे बंदुका घेऊन आले. याचा काही संबंध नाही."

रूलाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अम्मो, मागच्या शनिवारी तुम्ही सांगितलंत, करकोच्यानं तुमची टोपी नेली आणि वसंतात परत आणून दिली. आज शेजाऱ्यासाठी खोटं बोलताय. मन मोठं आहे तुमचं."

"अगं, माझ्या आईच्या कबरीची शपथ!"

"टोपीलाही तीच शपथ होती," मागून एक जण म्हणाला. दोघंतिघं हसली.

मग ती सगळी कड्याकडे निघाली. आभाळ तरी बघू, म्हणाली. पाइनखाली दोघं म्हातारे उरले.

"खरंच सातशे म्हणालास?" मारूनने विचारलं.

नखलेने होकारार्थी मान हलवली.

"सात म्हणाला असतास, तर कुणी पलंगावरून पाय खाली टाकला नसता."

मारूनने रोट्या एका दगडावर काढून ठेवल्या. फडकं झटकलं, जमिनीवर पसरलं. गुडघ्यावर बसून त्याने पहिली घार उचलली, पंख नीट मिटले आणि तिला फडक्यात ठेवलं.

"अम्मो!" वरून रूलाची हाक आली. "या लवकर! तीन घारी येतायत उत्तरेकडून! त्याला राहू दे तिथंच!"

नखले दुसऱ्या घारीकडे वाकला. "मी उचलतो."

"नको," मारून मान वर न करता म्हणाला. "तू जा. तुला बोलावतायत."