विमान अंबाल्यावर

विमान अंबाल्यावर होतं आणि इकडे चंडीगडच्या हॉलमध्ये अंतरपाट धरूनही झाला होता. मधुरिमा हार घेऊन उभी होती, पलीकडे तिचा हरमन. तिच्या मागची मामाची जागा मात्र रिकामी.

सुरेशमामाचा हिशेब सरळ होता. पुणे ते चंडीगड अडीच तास. पहाटे निघायचं, उतरून तडक हॉल गाठायचा आणि भाचीला स्वतः बोहल्यावर न्यायचं. त्यात चंडीगडचं डिसेंबरातलं धुकं तेवढं धरायचं राहिलं. विमान पुण्याहून सुटलंच तीन तास उशिरा. आणि मामा मागे उभा राहिल्याशिवाय अंतरपाट खाली यायचा नाही, असं मधुरिमाने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. मुहूर्ताला अजून सवड होती, पण मंगलाष्टकं थांबली की अंतरपाट धरून ठेवता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. स्वतःला येत होती तेवढी त्यांनी म्हणून टाकली. मग सगळ्यांच्या माना नलिनीआत्याकडे वळल्या.

आत्याच्या स्वरचित मंगलाष्टकांचा घरात सगळ्यांनी धसका घेतलेला. दोन्हीकडच्या झाडून सगळ्या नातेवाइकांची नावं गुंफल्याशिवाय ती थांबत नसे. या वेळी तिला कसंबसं एका कडव्यावर राजी केलं होतं आणि त्यावरून ती चार दिवस रुसून होती.

"आत्या, आज हवं तेवढं म्हण," मधुरिमा काकुळतीने म्हणाली.

आत्याने पदर खोचला. हरमनच्या आजोळची नावं झाली, चंडीमंदिर गावातले त्याचे शेजारी झाले. चुलतभाऊ प्रणव मोबाईलवरचं इवलंसं विमान बघून खुणा करत होता. विमान वरच घिरट्या घालायला लागलं तेव्हा आत्याने एक कडवं धुक्याला दटावण्यात घालवलं. ते उतरलं तेव्हा पंजाबी पाहुण्यांनीच ताल धरला; प्रत्येक 'सावधान'ला सगळा हॉल गरजू लागला. अक्षता संपल्या. हरमनचे काका गाडी घेऊन विमानतळावर होतेच, निघाल्याचा त्यांचा फोन आला. आत्याचा आवाज बसला, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, पण आता कुणालाच थांबायचं नव्हतं.

दाराशी गलका उठला. खांद्याला बॅग, अंगात उलटा स्वेटर, अशा अवतारात सुरेशमामा धापा टाकत आला आणि मधुरिमाच्या मागे उभा राहिला. बूट काढायचंही त्याला भान नव्हतं. गुरुजींनी शेवटचं 'सावधान' म्हटलं आणि अंतरपाट झर्रकन खाली आला.

हरमन मान पुढे करून उभा होता. मधुरिमाची त्याच्याकडे पाठ होती. ती मामाकडे बघत होती.

"कोई गल नहीं," हरमन हसत म्हणाला, "पहले उन्हें देख लो. मैं तो यहीं हूँ."