कपाटातली केवळाबाई

"फोन मिळायचा न्हाई," चंद्रप्रभा मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कमरेच्या किल्ल्या चाचपून पाहिल्या. "फोन रविवारी. पोरींच्या हाती, तासभर. बाकीचे दिवस कपाटात."

लातूरच्या त्या वसतिगृहात डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरी राहत आणि मॅडम तिथल्या रेक्टर होत्या. त्यांच्या टेबलासमोर राघवेंद्र उभा होता. शेजारी केवळाबाई. किल्लारीच्या पट्ट्यात, भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या एका गावातली म्हातारी. आज कचेरी बंद व्हायच्या आत आपण जिवंत आहोत हे तिनं ऑनलाइन पटवलं नाही, तर ती सरकारदरबारी मयत होणार होती. मग निराधारांचा पगार बंद. आणि कचेरीत एकदा मेलेलं माणूस पुन्हा उठवायचं म्हणजे चपला झिजतात, माणूस खरंच मरायला टेकतं, तरी फाईल हलत नाही.

हे पटवून देणारी सेवा राघवेंद्रनंच बनवली होती. तिचं नाव 'निःशंक'. नांदेडचा हा हुशार पोरगा मुंबईला जाऊन साहेब झाला आणि त्यानं अंगठ्याचा जमाना मोडीत काढला. घरच्या फोनवर ओटीपी येणार, तो सांगितला की रेशन, दाखले, पगार, सगळी दारं उघडणार. फोनचा नंबर बदलायचा, तरी ओटीपी जुन्याच नंबरवर. इतकी पक्की सेवा, की बनवणाऱ्यालाही मागच्या दारानं आत शिरता येऊ नये. सभेत तो हे सांगायचा तेव्हा टाळ्या पडायच्या.

फक्त एक गंमत झाली. या पट्ट्यातली माणसं 'निःशंक' वापरायची ती रविवारीच. मुंबईच्या वरिष्ठांनी त्यावर बैठक घेतली, बिस्किटं खाल्ली आणि ग्रामीण जनतेत दर रविवारी डिजिटल जागृती होते असा निष्कर्ष काढला. राघवेंद्रला काही ते पटेना. तो स्वतः केवळाबाईच्या गावी आला आणि आल्या दिवशीच त्याला उलगडा झाला. इकडं पोरगी लातूरला क्लासला निघाली की गादी, पत्र्याची पेटी आणि घरातला एकुलता एक फोन तिच्यासोबत जातो. वसतिगृहात तो कपाटात पडतो. रविवारी पोरीच्या हाती आला की गावातल्या सेतू केंद्रावर जत्रा भरते. केंद्रवाला आपल्या फोनवरून एकेका पोरीला विचारतो, ती ओटीपी सांगते. म्हणजे गावंच्या गावं लोखंडी कपाटात कुलूपबंद होती आणि आठवड्यातून एकदा त्यांना वारं लागत होतं. आज तर नेमका मंगळवार. राघवेंद्रनं म्हातारीला गाडीत बसवलं आणि लातूर गाठलं.

"मॅडम, देविकाच्या आजी आहेत या. फोन यांच्याच घरचा."

"असतील की. पण मागल्या साली एक मामा आला, गोड बोलून पोरीचा फोन घेऊन गेला. मागून कळलं, मामा नव्हताच तो. पोरीच्या बापापुढं मान खाली घालावी लागली मला."

तेवढ्यात टेस्ट संपवून देविकाच जिन्यावरून उतरली. "आज्जे!" म्हणून तिनं म्हातारीच्या गळ्यात हात टाकले आणि दम्याची गोळी घेतली का म्हणून तिला दरडावलंही. हातच्या कांकणाला आरसा कशाला, राघवेंद्रला वाटलं. झालं काम.

"हे चालत न्हाई," मॅडम म्हणाल्या. "पोरी काय, गल्लीतल्या कुठल्याबी म्हातारीला आज्जी म्हणतात." त्यांनी मागच्या भिंतीकडं बोट केलं. तिथं 'निःशंक'चं पोस्टर होतं. 'ओळखीवर जाऊ नका, ओळख पटवा.' हे वाक्य राघवेंद्रनंच लिहिलं होतं आणि त्याबद्दल त्याला शालही मिळाली होती.

मॅडम आता खुलल्या. "तवापासून आमी तुमचीच सेवा बसवली, साहेब. पालकाची ओळख 'निःशंक'वर पटली की फोन द्यायचा. लई पक्की हाय." त्यांनी केवळाबाईचं नाव कॉम्प्युटरवर घातलं आणि बटण दाबलं.

कपाटात टिंग वाजलं.

"हां, सांगा आज्जी," मॅडमनी पेन उचललं. "काय ओटीपी आला?"

देविकाला हसू फुटलं, मग आजीचा चेहरा पाहून ती गप्प झाली. कपाटात पुन्हा टिंग वाजलं. राघवेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मॅडम, उघडा ते कपाट. मी सांगतो, या केवळाबाईच आहेत."

"मग लेखी द्या की. सहीनिशी."

राघवेंद्रनं पेन घेतलं आणि तो थबकला. नुसत्या तोंडओळखीवर कुणाची खात्री देईल त्या कर्मचाऱ्याला घरी बसवायचं, हा नियमही त्याच्याच डोक्यातून निघाला होता. मुंबईची खुर्ची त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यानं घड्याळ पाहिलं, कपाट पाहिलं. पेन हातातच राहिलं.

केवळाबाई मघापासून त्याच्याकडंच बघत होती.

"लेकरा," ती म्हणाली, "भूकंपात माझं घर माझ्याच अंगावर पडलं व्हतं. मिलिटरीचा एक पोरगा आला. त्याला मराठी बी येत नव्हतं. त्यानं वरून हाक मारली, म्या आतून ओ दिली, अन् त्यो उकरायला लागला. नाव त्यानं मला भाईर काढल्यावर इचारलं."