तळाचं दुकान

चियायी शहरातलं दुकान विक्रीच्या यादीत पुन्हा तळाला आलं.

वेई-जूने सगळी जोडणी नव्याने करून पाहिली. न्याहारीच्या सात दुकानांची बिलं, घरपोच मागण्या आणि गोदामातून गेलेलं पीठ, ही तीन ठिकाणची माहिती एकत्र आणून अहवाल करायचं काम ताइचुंग शहरातल्या मुख्य कचेरीत तिच्याकडे होतं. काही केलं तरी चियायी खालीच.

"एक दुकान आपल्या हातून जाणार," मालक त्साओ साहेब सकाळीच म्हणाले होते. "कुठलं, ते तुझ्या अहवालावरून ठरवू. आकडे स्वच्छ हवेत."

त्या आकड्यांवर तिचा विश्वास बसेना. कॉलेजात असताना तिने त्याच दुकानात काम केलं होतं. सकाळी रांग पार पलीकडच्या स्कूटर दुरुस्तीवाल्याच्या दारापर्यंत जायची. आणि पीठ तर आजही तिथे सगळ्यांत जास्त जात होतं. मग त्या पिठाच्या पोळ्या जात होत्या कुठे?

शनिवारी ती चियायीला गेली.

"आली साहेबीण!" दुकान सांभाळणाऱ्या श्वे मावशी तव्यामागून ओरडल्या. "केवढी वाळलीस! तिकडे जेवायला घालतात की नुसता कॉम्प्युटर दाखवतात?"

मुळ्याच्या वड्यांची बशी तिच्यापुढे आली.

"मावशी, तुमच्या नोंदी चुकताहेत. अंड्याच्या एका पोळीला बिलाच्या मशीनमध्ये पाच नावं आहेत. घरपोच मागण्या भलत्याच दुकानाच्या क्रमांकावर पडताहेत. निम्मी विक्री अहवालात येतच नाही."

"माझं आणि त्या मशीनचं पहिल्यापासून पटत नाही गं."

"मी नीट करून देते."

"राहू दे. सुट्टी आहे ना तुझी? खा आणि सिनेमाला जा."

"मावशी, हसण्यावारी नेऊ नका. एक दुकान जाणार आहे."

मावशींचा उलथनं धरलेला हात थांबला. "कोण म्हणालं?"

"त्साओ साहेब. माझ्या अहवालावरून ठरवणार आहेत."

मावशींनी गॅस बारीक केला. मागे कांद्याची पात चिरणाऱ्या दोघी त्यांच्याकडेच पाहत होत्या. दोघींचीही पन्नाशी उलटलेली.

"मग आहे तसाच पाठव," मावशी म्हणाल्या. "तळाला तर तळाला."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"मला तुझ्या नोकरीचं वाटतं. आमच्यासाठी कागदाला हात लावू नकोस. चहा घेणार?"

वेई-जूला भरून आलं. बाई मोडेल, पण कुणापुढे हात पसरणार नाही.

परत आल्यावर तिने कुणाला न सांगता काम हाती घेतलं. पाच नावांचं एक केलं. भलतीकडे गेलेल्या मागण्या शोधून चियायीच्या नावावर आणल्या. विक्री पिठाशी ताडून पाहिली. सगळं जुळलं, आणि चियायी तळातून उठून थेट पहिलं आलं. दुसरं दुकान त्याच्या जवळपासही नव्हतं.

फोन करून सांगावंसं वाटलं. पण मावशींना आनंदाची बातमी साहेबांकडूनच कळू दे, म्हणून तिने दम धरला.

त्साओ साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. "शाबास! मला वाटत होतं, दाखवण्यासारखं आपल्याकडे काही नाहीच."

"म्हणजे चियायी वाचलं?"

"वाचलं? खपलं! दोन वर्षं मागे लागलेल्या घेणाऱ्यांना आपलं सगळ्यांत जोरात चालणारं दुकान हवं होतं. माणसं मात्र ते स्वतःची आणणार."

जिन्यात उभं राहून तिने फोन लावला. रडत रडत सगळं सांगितलं.

"मावशी, मला वाटलं, तळाचं असेल तेच जाईल. मी तुम्हाला वाचवायला गेले हो."

पलीकडे तव्याचा चरचराट ऐकू येत होता. मग मावशींचा आवाज आला, नेहमीसारखाच.

"रडू नकोस. तळाचं दुकान कोणी विकत घेत नाही, पोरी. म्हणून तर दोन वर्षं मी आम्हाला तिथे धरून ठेवलं होतं."