कापलेली ओळ

उल्कांच्या माहितीपत्रकातली माझी एकच ओळ संचालकांनी लाल पेनने कापली: ‘आकाशात मोठा लखलखाट दिसला तर खिडकीपासून लांब व्हा, हवेचा धक्का मिनिटभराने येतो आणि काचा फोडतो.’

“बाई, लोक उगाच घाबरतील. त्यापेक्षा छान रंगीत फोटो टाका.”

डोंबलाचा फोटो! मी तीनदा जाऊन भांडले. शेवटी पत्रक घरोघरी गेलं, फोटोसकट, ओळीविना.

मंगळवारी सकाळी डोळे दिपवणारा लखलखाट झाला आणि अख्खं ऑफिस मोबाइल घेऊन खिडक्यांकडे धावलं. टायपिस्ट ताईंनी तर काचेला नाकच लावलं. “मागे व्हा!” मी बेंबीच्या देठापासून ओरडले, पण कुणी ढिम्म हलेना. “तुमचं आपलं नेहमीचंच,” म्हणून ताई वर हसल्या. माझं नाही तर निदान साहेबांचं तरी ऐकतील, त्यांनीच माइकवरून सांगावं, म्हणून मी धावत त्यांच्या केबिनमध्ये शिरले.

खुर्ची रिकामी होती. साहेब टेबलाखाली, दोन्ही हातांनी डोकं झाकून बसले होते.

“आधी खाली वाका, बाई!” ते माझ्यावरच खेकसले. “मिनिट होत आलंय, काचा फुटतील!”