पलीकडच्या मशीनमधला अर्ज

हजेरीवाल्या बाईंनी अर्ज पूर्ण भरला, शेवटचं बटण तेवढं दाबायचं राहिलं, आणि स्टोअरकीपरने मध्येच खटका सरकवला.

कंपनीत कॉम्प्युटरची मशीनं दोन, पडदा एकच. खटका डावीकडे केला की हजेरी, उजवीकडे केला की स्टोअर. अर्धवट राहिलेलं काम पलीकडे जसंच्या तसं पडून राहायचं, झोपलेल्या माणसासारखं. आता तिकडे बाईंचा अर्ज पडून होता. स्वेच्छानिवृत्तीचा. आज शेवटचा दिवस; पाच वाजले की मशीन असे अर्ज घेणं बंद करणार होतं.

"दोनच मिनिटं हं, हजेरी," स्टोअरकीपर म्हणाला. दोघं एकमेकांना खात्याच्या नावानेच हाक मारत.

"घ्या की, स्टोअर. मला कुठे घाई आहे?"

घाई त्यांच्या मुलाला होती. 'आई, पुरे झालं आता, इकडे ये राहायला,' असा त्याचा रोजचा फोन.

दोन मिनिटांचे तीन तास झाले. पंखा संथ फिरत होता. काचेपलीकडे दोन्ही मशीनं एका सुरात गुणगुणत होती. पडद्याचा हिरवा उजेड टेबलावर, फायलींवर, बाईंच्या हातांवर पसरला होता. स्टोअरकीपर रजिस्टर बघून एकेक नोंद मशीनमध्ये चढवत होता. नट, बोल्ट, वॉशर. पुन्हा नट. बाईंना वाटलं, आपण पाण्याखाली बसलोय आणि घड्याळ वर कुठेतरी चाललंय. फार बरं वाटत होतं. इतकं बरं का वाटावं, याचीच त्यांना जरा भीती वाटली.

पाचला दहा कमी असताना त्यांनी खुर्ची सरकवून पडद्यात डोकावलं.

"अहो स्टोअर, हे नट तुम्ही तिसऱ्यांदा चढवताय."

त्याने मान वर केली नाही. कान मात्र लाल झाले. "चुकलं वाटतं. खोडून पुन्हा चढवावे लागतील."

"किती वेळ लागेल?"

"पाच तरी वाजतील," तो पडद्यालाच म्हणाला. मग हळूच, "बावीस वर्षं एका पडद्यावर काढली, बाई. पलीकडे तुम्ही नसलात तर मी खटका सरकवायचा कुणासाठी?"

बाईंच्या टेबलावरचा फोन वाजायला लागला. मुलगाच असणार. वाजून वाजून तो थांबला.

बाईंनी स्टोअरचं रजिस्टर आपल्याकडे ओढलं, चष्मा नाकावर चढवला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"मी वाचते, तुम्ही चढवा," त्या म्हणाल्या. "नट, अर्धा इंची. सावकाश."