निळ्या रेघांचा शर्ट

“माझे शर्ट इथे आलेत का हो? सुनेनं आणून दिलेत म्हणे.”

बाईंनी मशीनवरून मान वर केली. दारात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. अंगात राखाडी, ढगळ सदरा आणि छातीवर शिवलेला आकडा, एकोणीस.

जुन्या कपड्यांच्या पिशव्या शिवून बाईंची उभी हयात गेली होती, पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता. चार दिवसांपूर्वी एक तरुण बाई गाठोडं घेऊन आली होती. “सासऱ्यांचे शर्ट आहेत. टाकवत नाहीत. माझ्या मुलींना आठवण म्हणून पिशव्या शिवून द्या.” बाईंनी आवाज खाली आणून विचारलं होतं, “कधी गेले?” “महिना झाला,” म्हणाली होती ती, खाली बघत.

“महिना झाला मला तिकडं वृद्धाश्रमात ठेवून,” आजोबा सांगत होते. “तसं काही कमी नाही. कपडे मात्र सगळ्यांना सारखे. म्हटलं, एक तरी आपला असावा. पांढरा, निळ्या रेघांचा. तेवढा द्या.”

टेबलावर कापलेल्या कॉलरी आणि बाह्या पडल्या होत्या. निळ्या रेघा मशीनच्या सुईखाली होत्या.

आजोबांना ते दिसलं. पुढे होऊन त्यांनी ती अर्धी शिवलेली पिशवी हातात घेतली, उलटसुलट केली. खिशाच्या कोपऱ्यावर जुनी, बारीक हातशिलाई होती. तिच्यावरून अंगठा फिरवत ते म्हणाले, “ही आमच्या हिच्या हातची. तुम्ही उसवली नाहीत.”

“इतकी सुबक होती... हात धजला नाही.” बाई म्हणाल्या. “आजोबा, मुलींसाठी पिशव्या करायला सांगितल्या होत्या, आता परत शर्ट नाही हो करता येणार. पण ही तुम्ही न्या. ही तुमचीच.”

“नको, नको. मुलींसाठी आहे ना, मुलींनाच द्या.” त्यांनी पिशवी नीट घडी घालून मशीनवर ठेवली. पायरी उतरता उतरता ते थांबले.

“आणि मी आलो होतो, हे घरी सांगू नका. आजोबा देवाघरी गेले, असं सांगितलंय धाकटीला. उगाच घाबरेल पोर.”